अन्नाचें वजन आणि माणसाचें वजन



मनुष्य उपाशी कां राहतो, या प्रश्नाचें उत्तर आपण सहसा एका वाक्यांत देतों: अन्न नाहीं म्हणून. दुष्काळ, दारिद्र्य, युद्ध हीं त्या उत्तराचींच निरनिराळीं रूपें होत. परंतु इतिहासांत उपासमारीचा आणखी एक प्रकार नमूद आहे, आणि तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. डोक्यावर छप्पर आहे, निजावयास खाट आहे, वेळेवर घंटा होते, पान वाढलें जातें. आणि तरीहि त्या पानापुढें बसलेला म्हातारा मनुष्य दिवसेंदिवस वाळत जातो. वृद्धांना सांभाळण्यासाठीं काढलेल्या संस्थांतील या उपासमारीचा इतिहास आज मी आपल्यापुढें ठेवणार आहें.

आरंभींच एका शब्दाचा खुलासा केलेला बरा. 'नर्सिंग होम' म्हटलें म्हणजे आपल्या शहरांतील माणसाच्या डोळ्यांपुढें एखादें लहानसें खाजगी इस्पितळ किंवा प्रसूतिगृह उभें राहतें. इंग्लंड-अमेरिकेंत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्यांना आपलें उठणें-बसणें, न्हाणें-जेवणें दुसऱ्याच्या मदतीवांचून जमत नाहीं अशा वृद्धांना कायमचें ठेवून घेऊन त्यांची सेवा करणारें घर, असा तो अर्थ होय. मी त्याला शुश्रूषागृह म्हणेन. या शुश्रूषागृहाची वंशावळ शोधीत मागें गेलें तर ती एका फारशा आदरणीय नसलेल्या पूर्वजापाशीं जाऊन थांबते. तो पूर्वज म्हणजे इंग्लंडांतील 'वर्कहाउस', निर्धनांचें कामघर. तेथपासून निघून आपण आजच्या काळापर्यंत येऊं.

इ. स. १८३४ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें गरिबांच्या मदतीविषयींचा जुना कायदा बदलला. तोंपर्यंत प्रत्येक गांव आपापल्या गरिबांना बहुधा घरबसल्याच कांहीं ना कांहीं मदत देत असे. नव्या कायद्यानें अनेक गांवांचा मिळून एक संघ केला, संघागणिक कामघराची व्यवस्था केली, आणि या सर्वांवर देखरेख ठेवण्यासाठीं लंडनांत तीन कमिशनरांचें एक मंडळ नेमलें. त्या मंडळाचा चिटणीस एडविन चॅडविक हा मोठा कर्तबगार व तितकाच कठोर मनुष्य होता. कायद्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व असें कीं, कामघरांत राहणाऱ्याची स्थिति बाहेर राबून पोट भरणाऱ्या अगदीं हलक्यांतल्या हलक्या मजुराच्या स्थितीपेक्षांहि कमी सुखाची असली पाहिजे. नाहीं तर लोक काम टाकून तेथें येऊन बसतील. धडधाकट आळशी मनुष्य डोळ्यांपुढें ठेवून बनविलेलें हें तत्त्व होतें. परंतु कामघराच्या दारांतून आंत आलेल्यांत अनाथ मुलें होतीं, विधवा होत्या, रोगी व वेडे होते, आणि म्हातारे होते. धडधाकट मनुष्य काम मिळालें कीं बाहेर पडे. म्हातारा एकदां आंत गेला कीं बहुधा त्याचें प्रेतच बाहेर येई. नियमांचा रोख आळशावर होता; त्यांचा मार म्हाताऱ्यावर बसला.

कमिशनरांनीं अन्नाचीं सहा नमुनेदार कोष्टकें तयार करून १८३६ च्या सुमारास प्रसिद्ध केलीं. पाव किती औंस, चीज किती औंस, ओटची पातळ कांजी किती पिंट, मांस आठवड्यांतून किती वेळां, हें सर्व त्यांत आंखून दिलेलें होतें. साठ वर्षांवरील माणसांसाठीं तळाशीं एक सवलत जोडलेली होती. योग्य वाटल्यास त्यांना सकाळच्या कांजीऐवजीं आठवड्याला १ औंस चहा, ५ औंस लोणी व ७ औंस साखर द्यावी, अशी ती सवलत. आपल्या आजच्या मापानें हा चहा सुमारें २८ ग्रॅम, लोणी १४० ग्रॅम व साखर २०० ग्रॅम होते. सवलत लहान, आणि तीहि 'योग्य वाटल्यास'! तरी तींत एक महत्त्वाची गोष्ट कबूल केलेली आहे. म्हाताऱ्याचें जेवण व तरुणाचें जेवण एक नव्हे, ही ती गोष्ट. दुर्दैवानें ही कबुली तळटीपेंतच राहिली.

या पद्धतीचें भयंकर टोक हँपशायर परगण्यांतील अँडोव्हर या गांवीं दिसून आलें. तेथील कामघराचा प्रमुख कॉलिन मॅक्डूगल हा वॉटर्लूच्या लढाईंत लढलेला जुना शिपाई होता. त्याची पत्नी तेथेंच मेट्रन होती. या कामघरांत पुरुषांना जनावरांचीं हाडें कुटण्याचें काम असे, व त्या भुकटीचा उपयोग शेतीला खत म्हणून होई. १८४५ सालीं ह्यू मंडी नांवाच्या एका संचालकाच्या कानांवर असें आलें कीं, हाडें कुटणारे लोक त्या हाडांना चिकटलेले मांसाचे तुकडे व आंतील मज्जा खाऊन भूक भागवितात. हें प्रकरण पार्लमेंटचा सभासद थॉमस वॅकले याच्याकडे गेलें. वॅकले हा वैद्यक जाणणारा मनुष्य होता. 'लॅन्सेट' हें आजहि चालूं असलेलें वैद्यकीय पत्र त्यानेंच काढलें होतें. १ ऑगस्ट १८४५ रोजीं त्यानें पार्लमेंटांत याविषयीं प्रश्न विचारला. लंडनच्या 'टाइम्स' पत्रानें प्रकरण उचलून धरलें. १८४६ सालीं पार्लमेंटच्या निवडक समितीपुढें साक्षी झाल्या. साक्षीदारांत साठी उलटलेला मनुष्यहि होता. ताज्या हाडांवर माणसें तुटून पडत, आणि ठरलेल्या तुटपुंज्या शिध्यांतूनहि वर बसलेले लोक चोरी करीत, हें सर्व देशाला समजलें. हाडें कुटण्याचें काम बंद झालें, मॅक्डूगलला जागा सोडावी लागली, आणि १८४७ सालीं त्या तीन कमिशनरांचें मंडळच मोडून पार्लमेंटाला जबाबदार असें दुसरें मंडळ नेमण्यांत आलें.

अँडोव्हरचा प्रकार म्हणजे उघड अन्याय होता, आणि उघड अन्यायावर उपायहि उघड असतो. अन्न चोरीला जातें, तर तें तोलून द्या. त्या काळच्या नियमांत हा उपाय मोठ्या काळजीनें लिहिलेला सांपडतो. भोजनगृहांत अन्नाचें कोष्टक सर्वांना दिसेल असें टांगलेलें असावें. आणि आपल्या वांट्याला कमी आलें असें ज्याला वाटेल त्यानें आपला वांटा दोन साक्षीदारांसमक्ष तोलून मागावा, असा हक्क प्रत्येकाला दिलेला होता. कायदा म्हणून ही तरतूद चांगलीच म्हटली पाहिजे. परंतु हा हक्क वापरणार कोण? हात कांपतो, कानांनीं ऐकूं येत नाहीं, आणि रात्रीं तहान लागली तर पाणीहि त्याच अधिकाऱ्याच्या माणसांकडून मागावयाचें आहे, असा म्हातारा भर पंक्तींत उभा राहून तराजू मागेल काय? दुबळ्याला दिलेला हक्क तो दुबळा आहे तोंवर बहुधा कागदावरच राहतो. इतिहास शिकवितांना हा धडा मला निरनिराळ्या देशांच्या इतिहासांत पुन्हां पुन्हां भेटला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. तराजूनें पानांत पडलेलें अन्न मोजलें. पोटांत गेलेलें मोजलें नाहीं. एकोणिसावें शतक संपत आलें तेव्हां तर असा चमत्कार दिसूं लागला कीं, प्रत्येकाला ठराविक वजनाचें अन्न वाढलेंच पाहिजे म्हणून तें वाढलें जाई. अनेकांना तें खाववत नसे. आणि उरलेलें डुकरांच्या पोटीं जाई. वहीप्रमाणें सर्वजण पोटभर जेवलेले असत. १९०० सालीं नवा हुकूम निघाला. पदार्थांची यादी वाढली, निवडीला वाव मिळाला, आणि १९०१ सालीं लंडनच्या एका पाकशास्त्र-शाळेनें कामघरांतील स्वयंपाकावर पुस्तकहि तयार केलें. हें पाऊल पुढचें खरें. तथापि त्यामागची मुख्य चिंता अन्न वायां जातें ही होती. मनुष्य वायां जातो, ही चिंता अजून हुकमांत उतरली नव्हती.

आश्चर्य असें कीं, ही चिंता चाळीस वर्षांपूर्वींच एका बाईंनीं स्वच्छ शब्दांत बोलून दाखविली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचें नांव आपल्याकडे क्रिमियाच्या युद्धामुळें सर्वांस माहीत आहे. आपल्या देशांतील आरोग्याविषयीं पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांचा पत्रव्यवहार होता, हें मात्र थोड्यांना ठाऊक असतें. १८६० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकांत त्यांनीं रोग्याला अन्न कसें द्यावें यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा कीं, भरल्या घरांतहि रोगी उपाशी राहूं शकतो, कारण त्याला खातां येईल अशा वेळीं व अशा रीतीनें तें अन्न त्याच्यापर्यंत पोंचविण्याची कोणी काळजी घेत नाहीं. न खाल्लेलें ताट त्याच्या उशाशीं ठेवून निघून जाऊं नये. त्यानें काय घेतलें, काय टाकलें व कां टाकलें याकडे शुश्रूषा करणाराची नजर असावी. पुस्तक गाजलें, अनेक भाषांत गेलें. त्यांतील ही शिकवण संस्थांच्या नियमांत उतरावयास मात्र शंभराहून अधिक वर्षें लागलीं.

मधल्या काळांत कामघराची दहशत हळूहळू मोडत गेली. १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरिबाला आठवड्याला ५ शिलिंगपर्यंत पेन्शन मिळूं लागलें, आणि केवळ भाकरीसाठीं कामघराची पायरी चढण्याची पाळी पुष्कळांवरची टळली. १९३० सालीं जुनीं संचालकमंडळें रद्द झालीं. १९३५ सालीं लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स इस्पितळाकडे शेजारच्या जुन्या कामघराचा रुग्णविभाग सोंपविण्यांत आला, आणि तेथील ७१४ रोगी डॉ. मार्जरी वॉरेन यांच्या हाताखालीं आले. वर्षानुवर्षें खाटेला खिळलेल्या या लोकांना 'असाध्य' असा एकच शिक्का मारून ठेवलेला होता. वॉरेनबाईंनीं प्रत्येकाला निराळें तपासलें, ज्यांना उठवितां येईल त्यांना उठविलें, चालतें केलें. कित्येक तर आपल्या घरीं गेले. वृद्धांच्या वैद्यकाचा ब्रिटनमधील आरंभ येथून मानतात. म्हातारपण हें रोगाचें नांव नव्हे, आणि त्या नांवाखालीं रोग व उपेक्षा हीं दोन्ही झांकलीं जातात, हें त्यांच्या कामानें सिद्ध झालें.

१९४८ सालीं गरिबांचा तो जुना कायदा अखेर संपला व वृद्धांसाठीं निवासगृहें चालविण्याचें कर्तव्य स्थानिक संस्थांवर आलें. पाटी बदलली, इमारती मात्र पुष्कळ ठिकाणीं त्याच राहिल्या. पीटर टाउन्सेंड या समाजशास्त्रज्ञानें पुढील दशकाच्या अखेरीस १७३ निवासगृहें स्वतः हिंडून पाहिलीं व १९६२ सालीं त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. जुन्या कामघरांच्या भिंतींत अजूनहि वृद्ध मोठ्या संख्येनें राहत होते. अन्नाची चोरी आतां नव्हती. जागोजागीं आढळला तो एकटेपणा, परावलंबन, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत करण्यासारखें कांहींहि नसणें. अशा दिवसांत भूक तरी कोठून लागावी?

आतां आपण अमेरिकेंत जाऊं. कारण आजच्या अर्थानें शुश्रूषागृहांचा व्यवसाय तेथें भराभर वाढला व त्याच्यावर बारकाईचे कायदेहि तेथें झाले. १९३५ च्या सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांत अशी अट होती कीं, सार्वजनिक दरिद्रगृहांत राहणाऱ्या वृद्धाला केंद्रसरकारची मदत मिळूं नये. जुनीं दरिद्रगृहें ओस पडावीं हा त्यांतील सद्हेतु होता. तीं ओस पडत गेलीं, आणि मदतीचे पैसे घेऊन वृद्ध खाजगी घरांत राहावयास गेले. १९६५ सालीं मेडिकेअर व मेडिकेड या योजनांनीं सरकारी पैशाचा ओघ सुरू केला, तशीं शुश्रूषागृहें झपाट्यानें वाढलीं. त्यांत चांगलीं होतीं व वाईटहि होतीं; परंतु रहिवासी पोसला जातो कीं नाहीं हें सांगणारी खूण कोणापाशींच नव्हती. १९७४ सालीं चार्ल्स बटरवर्थ या डॉक्टरानें इस्पितळांतील कुपोषणावर एक खळबळजनक लेख लिहिला. त्यानें दाखविलेल्या दोषांपैकीं एक दोष इतका साधा आहे कीं, ऐकून विश्वास बसूं नये. रोग्याची उंची आणि वजन कोणी लिहूनच ठेवीत नाहीं, हा तो दोष!

१९८७ सालीं अमेरिकेंत शुश्रूषागृहांच्या सुधारणेचा कायदा झाला, आणि त्याच्या अनुषंगानें प्रत्येक रहिवाशाची ठराविक नमुन्यावर वेळोवेळीं तपासणी करणें बंधनकारक झालें. त्या नमुन्यांत वजनाचा प्रश्न आहे. एका महिन्यांत शेंकडा ५, किंवा सहा महिन्यांत शेंकडा १० वजन घटलें आहे काय? ५० किलो वजनाची एखादी वृद्धा असेल, तर महिन्यांत अडीच किलो घटतांच संस्थेनें जागें व्हावयाचें. फ्रान्समधील टूलूझ येथील तज्ज्ञांच्या पुढाकारानें त्यानंतरच्या दशकांत एक छोटी प्रश्नावली तयार झाली. तींत वजन, भूक, औषधें यांबरोबर पोटरीचा घेरहि विचारला आहे. तो ३१ सेंटिमीटरपेक्षां कमी भरला तर धोक्याची खूण समजावी. इंग्लंडांत २००३ सालीं तशीच पांच पायऱ्यांची सोपी पद्धत निघाली. शिंप्याची टेप आणि वजनाचा कांटा एवढीच यांची सामग्री. ज्या इंग्लंडानें १८३६ सालीं लोण्याचे औंस मोजले, तेथें म्हाताऱ्याला कांट्यावर उभें करण्याची रीत सर्वमान्य व्हावयास दीडशेंहून अधिक वर्षें लोटलीं.

पानांत अन्न असून वृद्ध मनुष्य तें खात कां नाहीं, हें समजण्यासाठीं शरीराच्या व्यवहाराकडेहि थोडें पाहिलें पाहिजे. तरुण मनुष्य चार दिवस कमी जेवला तर पुढें अधिक जेवून ती तूट भरून काढतो. वृद्धाचें तसें होत नाहीं. १९९४ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत तरुण व वृद्ध पुरुषांना तीन आठवडे कमी अन्न दिलें व नंतर हवें तेवढें खाण्याची मोकळीक दिली. तरुणांनीं गमावलेलें वजन परत मिळविलें; वृद्धांना तें जमलें नाहीं, कारण झालेल्या तुटीची दखल त्यांच्या भुकेनें घेतलीच नाहीं. आजारपणांत गेलेले दोन किलो म्हाताऱ्याच्या अंगावर आपोआप परत येत नाहींत, तीं आणवावीं लागतात. त्यांतच जिभेची चव व नाकाचा वास मंदावतो. तहान लागल्याचें लवकर कळत नाहीं. कवळी सैल होते. घास गिळतांना ठसका लागतो. औषधांनीं तोंडाची रुचि जाते. मीठ नको, साखर नको, तूप नको अशा पथ्यानें उरलेलें जेवण इतकें नीरस होतें कीं, तें पानांतच राहतें. शुश्रूषागृहांतील वृद्धांचें पथ्य जेथें शक्य असेल तेथें सैल करावें, असा सल्ला अमेरिकेंतील आहारतज्ज्ञांच्या संघटनेनेंच दिलेला आहे. अर्थात् हें डॉक्टरच्या विचारानें करावयाचें. परंतु तो विचार करावा तरी!

याहून मोठी अडचण ओळखण्याची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत अन्सेल कीज या शास्त्रज्ञानें ३६ तरुण स्वयंसेवकांना सुमारें सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवलें. त्यांचें वजन सुमारें एक चतुर्थांश घटलें. पण त्याहूनहि लक्षांत राहण्यासारखा होता तो मनाचा पालट. हे धडधाकट तरुण खिन्न, चिडखोर व उदासीन झाले. कशांत मन रमेना, कोणाशीं बोलावेंसें वाटेना. आतां हींच लक्षणें ८० वर्षांच्या माणसांत दिसलीं तर आपण काय म्हणतों? वय झालें, असें म्हणतों. उपासमार अशा रीतीनें म्हातारपणाचें सोंग घेऊन घरांत वावरते, आणि तिला कोणी हटकीत नाहीं. मनुष्य मंद झाला म्हणून कमी खातो असें आपण समजतों. पुष्कळदां कमी खाल्ल्यामुळेंच तो मंद झालेला असतो.

मग उपाय काय? एक उपाय नेदरलँड्समधून पुढें आला आहे. २००६ सालीं तेथील पांच शुश्रूषागृहांतील १७८ वृद्धांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कांहीं विभागांत नेहमींप्रमाणें आधींच वाढलेलीं ताटें आणून दिलीं. इतर विभागांत टेबलावर स्वच्छ कापड अंथरलें, अन्नाचीं भांडीं मध्यें ठेविलीं, ज्याला जें व जेवढें हवें तें त्यानें घ्यावें अशी मोकळीक दिली, सेवकांना वृद्धांसोबत बसविलें, आणि जेवणाच्या वेळीं औषधांची गाडी फिरविणें बंद केलें. सहा महिन्यांनीं पाहिलें तेव्हां वाढलेल्या ताटांवर जेवणारे वृद्ध वजनानें व शक्तीनें खालावलेले होते. एकत्र बसून जेवणारे टिकून होते.

ही हकीकत ऐकून आपल्याकडील एखाद्या आजीबाई हंसतील व म्हणतील, "यासाठीं प्रयोग कशाला हवा?" आपल्या पंगतीची रीत आठवा. यजमान पंक्तींतून फिरतो तो केवळ मिरवावयास नव्हे. कोणाच्या पानांत काय उरलें, कोणाचा भात कोरडा राहिला, कोण संकोचानें मागत नाहीं, हें त्याला पाहावयाचें असतें. 'सावकाश होऊं द्या' या तीन शब्दांत वेळहि दिलेला आहे आणि मानहि दिलेला आहे. आपल्या पंगतीचे दोष होते. तींत कोणाला बसवीत व कोणाला बसवीत नसत, हें विसरतां येत नाहीं. पण जेवणारा मनुष्य पानापेक्षां महत्त्वाचा, ही जाण त्या रीतींत होती, आणि तीच आज संस्थांत जपावयास हवी आहे.

आपल्याकडे वृद्धांच्या संस्था अगदींच नव्या नाहींत. पुण्याच्या नव्या पेठेंतील 'निवारा' ही डेव्हिड ससून यांच्या नांवाची संस्था एकोणिसाव्या शतकांतली आहे. २००७ सालीं आपल्या पार्लमेंटानें आईबापांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या पोषणाचा कायदा केला. प्रत्येक जिल्ह्यांत निदान एक, दीडशें निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम राज्यसरकारनें काढावा, अशी कल्पना त्यांत आहे. मुलें परदेशीं, घरें लहान, माणसें थोडीं, अशा स्थितींत खाजगी वृद्धाश्रमहि वाढत आहेत. त्यांत आपल्या माणसाला ठेवणारा प्रत्येकजण निर्दय असतो असें मुळींच नाहीं. शिवाय आश्रमाकडे बोट दाखविण्यापूर्वीं घराकडेहि पाहिलें पाहिजे. देशभर २०१७-१८ सालीं झालेल्या मोठ्या पाहणींत साठीवरील एक चतुर्थांशाहून अधिक लोक प्रमाणापेक्षां कमी वजनाचे आढळले, आणि ती पाहणी घरोघरीं झालेली होती.

म्हणून माझें सांगणें आश्रमांत ठेवणाऱ्यांना आहे व घरीं सांभाळणाऱ्यांनाहि आहे. आश्रम पाहावयास जातों तेव्हां आपण बाग पाहतों, देवघर पाहतों, फरशी स्वच्छ आहे कीं नाहीं तें पाहतों, आणि जेवणांत काय देतां असें विचारतों. आठवड्याच्या जेवणाचा तक्ता कोणीहि भिंतीवर लावील. तो अँडोव्हरच्या काळीं इंग्लंडांतहि लावीत. विचारावयाचें तें हें कीं, तुमच्याकडे वजनाचा कांटा आहे काय, आणि दर महिन्याचें वजन लिहिलेली वही दाखवाल काय? ज्याला हातानें घास घेतां येत नाहीं त्याच्याजवळ कोण बसतो व किती वेळ बसतो? अशा माणसाला भरवावयास अर्धा तास सहज लागतो. एका सेवकाकडे दहा माणसें सोंपविलीं तर तो बिचारा देव असला तरी त्याला तें जमणार नाहीं, आणि दोष त्याला देऊन भागणार नाहीं. कवळी नीट बसते काय? दोन जेवणांच्या मध्यें पाणी, ताक, दूध कोणी आठवणीनें देतो काय? संध्याकाळच्या जेवणापासून सकाळच्या न्याहारीपर्यंत किती तास रिकामे जातात?

भेटीला जातांना आपण फळांची पिशवी घेतों व बहुधा सवडीनें दुपारीं चारच्या सुमारास जातों. त्या वेळीं सर्व कांहीं आवरलेलें असतें. एखादे दिवशीं जेवणाच्या वेळेस जावें, आपल्या माणसाशेजारीं बसावें, आणि पान उचललें जाईल तेव्हां त्यांत काय उरलें आहे तें पाहावें. 'पुरे झालें मला' असें तें माणूस म्हणालें तर लगेच मान डोलवूं नये. अन्न कठीण आहे काय, तोंड दुखतें काय, बेचव आहे काय, कीं कोणासाठीं जेवावें असें वाटेनासें झालें आहे, हें हळूच विचारावें. मी स्वतः साठी ओलांडलेला आहें, आणि माझ्या बरोबरीच्यांनाहि एक विनंति करतों. भिडेपायीं पान टाकूं नका. आपली भूक कमी झाली आहे हें मुलांना, डॉक्टरला, आश्रमाच्या चालकांना स्पष्ट सांगा; त्यांत कमीपणा कांहीं नाहीं.

पावाचे औंस चोख तोलले म्हणजे कर्तव्य संपलें, असें एका सुधारलेल्या राष्ट्रानें दीर्घकाल मानलें, आणि तेवढ्या काळांत किती वृद्ध भरल्या पानापुढें क्षीण होऊन गेले याची नोंद कोठेंहि नाहीं. वजनाचा एक कांटा व एक वही आज कोणत्याहि घराला किंवा आश्रमाला परवडण्यासारखी आहे. जेवतांना जवळ बसणारें माणूस मिळविणें त्याहून कठीण आहे. पण तें आपल्यापैकीं कोणी ना कोणी व्हावयास हवें.